पोटात अडकलेले लेबल

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे. लॅपटॉपच्या कडेला एक चपटा कप्पा असतो ना, बटण दाबले की ज्यातून ताटली बाहेर येते, तोच मी. आजकालच्या लॅपटॉपमध्ये मला जागाच नसते, त्यामुळे तुमच्यातल्या काहींनी मला पाहिलेही नसेल. चालायचेच. पण माझ्या पोटात एकदा काय अडकले होते आणि त्यापायी एका घराचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कारखान्यात माझी परीक्षा दोनच गोष्टींची झाली. भरलेली तबकडी वाचता येते का, आणि कोऱ्या तबकडीवर लिहिता येते का. वाचायला माझ्या लेझरचा मंद उजेड पुरतो. लिहायला मात्र प्रखर लागतो, कारण त्या उजेडाने तबकडी भाजावी लागते. दोन्हींत मी पहिल्या झटक्यात पास झालो, बरे का!

मग मी बाबांच्या घरी आलो. बाबा एका मोठ्या दवाखान्यात औषधांचे भांडार सांभाळायचे. ज्या बाटलीवर लेबल नाही ती बाटली विषाची समजायची, हा तिथला नियम त्यांनी घरातही आणला होता. मिठाच्या डब्यावर लेबल, साखरेच्या डब्यावर लेबल, भिंतीवरच्या घड्याळामागे सेल बदलल्याच्या तारखेचे लेबल. आई म्हणायची, "एक दिवस माझ्या कपाळावर 'बायको' म्हणून चिकटवाल!" बाबा शांतपणे विचारायचे, "तारीख कुठली घालू?"

घरातली प्रत्येक सहल, प्रत्येक वाढदिवस त्यांनी माझ्याकडून तबकडीवर लिहून घेतला. शंभरेक तबकड्या झाल्या, एकही वाया गेली नाही. "गुणाचा आहे हो आमचा ड्राइव्ह," असे ते आल्यागेल्याला सांगत. मी नुसता फुगून जायचो.

आणि मग त्यांनी गोल कागदी लेबलांचा गठ्ठा आणला. मित्रांनो, मी आत तबकडी गरागरा फिरवतो. ती तापते, गोंद सुटतो. एका दुपारी एका लेबलाची कड उचकटली आणि चतकोरभर तुकडा फाटून माझ्या आत राहिला. तो माझ्या लेझरपुढच्या भिंगावर घासला गेला, भिंगाला गोंद माखला, आणि तुकडा तिथेच कडेला चिकटून बसला. बाबांनी तबकडी बाहेर काढली, फाटके लेबल पाहिले, बॅटरी घेऊन माझ्या फटीत डोकावले. "उद्या बघतो तुझ्याकडे," असे म्हणून त्यांनी ती तबकडी खणात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणे गेले. त्यांना समजत सगळे होते. शब्द तेवढे आतच राहत होते.

मी महिनाभर टेबलावर बंद पडून होतो. आत तो चिकट तुकडा आणि बाहेर मिटलेले झाकण. काय गुदमरलो म्हणून सांगू!

मग एके दिवशी बाबांच्या लेकीने मला सुरू केले. तिला परगावी नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला निघायचे होते. बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते, रोज सकाळी एकच ओळखीचा आवाज, तेच शब्द, न चुकता. म्हणून लेकीने स्वतःचे चित्रीकरण केले होते. "म्हणा बाबा, पाणी." मग थोडे थांबून, "म्हणा बाबा, दार." असे चाळीस शब्द. बाबांच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीखालच्या प्लेअरला तबकडीच लागे, आणि तिथले एकच मोठे बटण बाबांना डाव्या हाताने दाबता येई. लेकीच्या नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नव्हता. ज्या दुकानात पूर्वी तबकड्या करून मिळत, त्याने ते यंत्र केव्हाच भंगारात काढले होते. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर!

घरात पाच कोऱ्या तबकड्या उरल्या होत्या. पहिली घातली. दोन टक्क्यांवर पडद्यावर आले, 'लिहिता आले नाही'. दुसरी घातली, पुन्हा तेच. लेकीने लॅपटॉप बंद करून चालू केला, माझी नोंद पुसून नव्याने घातली, लिहिण्याचा प्रोग्राम बदलला. तिसरीही गेली. मग तिने जुनी सहलीची तबकडी लावून पाहिली, तर ती झकास चालली. "अगं आई, वाचतोय व्यवस्थित! लिहायलाच काय धाड भरलीये याला?"

अगं बाई, गोंद! भिंगावर गोंद आहे! मंद उजेड त्यातून कसाबसा जातो, प्रखर लागतो तेव्हा कमी पडतो! पण मी ओरडणार कशाने? मला येते ती फक्त घरघर. मी जीव तोडून घरघरलो. लेक म्हणाली, "आवाजही विचित्र करतोय. गेला वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाला घरी आला. त्याने चौथी तबकडी घालून पाहिली आणि तीही वाया गेली. "ताई, लेझर संपलाय याचा. टाकून द्या." सगळे खापर माझ्या लेझरवर! आणि कोरी तबकडी आता एकच उरली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा "अं! अं!" करायला लागले.

"काय हवंय? पाणी?" आईने विचारले. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "बाथरूमला जायचंय का?" बाबांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. "दमलेत ते," आई लेकीला म्हणाली, "आत नेऊन निजवते."

त्या खोलीत माझा आजार ठाऊक असलेले आम्ही दोघेच होतो आणि दोघांनाही सांगता येत नव्हते. मित्रांनो, माझे उभे आयुष्य बंद कप्प्यात गेले आहे, पण इतका कोंडमारा मला कधी झाला नव्हता.

बाबा आईचा हात झिडकारून उठले. काठी टेकत, पाय ओढत खणापाशी गेले. एकेक तबकडी चाळत राहिले. शेवटी एक काढून त्यांनी लेकीपुढे धरली.

"ही बघायचीये? लावू हं संध्याकाळी," ती म्हणाली आणि तिला रडूच आले. संध्याकाळी ती तिथे असणार नव्हती.

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तबकडी टेबलावर ठेवली. तिच्यावरच्या फाटक्या लेबलाची कड नखाने उचकटली, टर्रकन एक कपटा फाडला आणि तो माझ्या फटीत कोंबू लागले.

"अहो, काय करताय!" आई ओरडली.

लेक मात्र थबकली. तिने ती तबकडी उचलून निरखली. "बाबा... याचा तुकडा आत राहिलाय?"

बाबा मटकन खुर्चीत बसले आणि मान डोलावत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पालथा केला, एक स्क्रू काढला आणि मला सबंधच्या सबंध बाहेर ओढले. चिमट्याने तुकडा निघाला. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने त्याने भिंग अलगद पुसले. "चुकलंच माझं, ताई," तो म्हणाला. "उघडून न बघताच बोललो."

शेवटची तबकडी आत गेली. वेग सर्वांत कमी ठेवला. दोन टक्के, दहा टक्के, चाळीस... मी शब्द न् शब्द सांभाळून लिहिला. शंभर! ताटली बाहेर आली तेव्हा लेकीने माझ्यावर चक्क डोके टेकवले. मग तिने तबकडी बाबांच्या हातात दिली, त्यांच्या पाया पडली आणि ती निघाली.

मित्रांनो, तबकडीवर कागदी लेबल लावू नका, नाव पेनाने लिहा. पण माझे खरे मागणे निराळे आहे. एखादे यंत्र नुसतेच घरघरले किंवा एखादा माणूस नुसतेच "अं अं" करू लागला, तर त्याचे संपले असे लगेच ठरवू नका. त्याला जे ठाऊक आहे ते दाखवायला थोडा वेळ द्या.

त्यानंतर रोज सकाळी पलीकडच्या खोलीतून लेकीचा आवाज यायचा, "म्हणा बाबा, पाणी." मागोमाग आईचा लकडा, "म्हणा ना हो, पाणी! म्हणा की!" अडतीस दिवस बाबांचा नुसता हुंकार ऐकला. एकोणचाळिसाव्या दिवशी आईने चौथ्यांदा "म्हणा की!" म्हटले आणि त्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "पुरे!"

मग आई धावत फोनपाशी आली. हसत होती की रडत होती, कळेना.

"अगं, ऐक ना," ती लेकीला सांगत होती, "बाबा माझ्यावर ओरडले गं!"