कोरडी चड्डी

ज्योत्स्नानं लेकीच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली, झाकण घट्ट फिरवलं आणि बाटली पिशवीच्या तळाशी, कपड्यांच्या खाली सरकवून दिली.

"अजून," साक्षी म्हणाली.

"झाला ना एक घोट? आता आजीकडं गेल्यावर."

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागायला अजून दहा मिनिटं होती. साक्षीला तिसरं वर्ष पुरं व्हायला महिना होता. घरून निघण्याआधी तिला दोनदा पिवळ्या भांड्यावर बसवून झालं होतं. पहिल्यांदा शू झाली, दुसऱ्यांदा नुसतीच बसून ती भिंतीवरची पाल बघत राहिली. स्टँडवर आल्यावरही ज्योत्स्ना तिला बायकांच्या शौचालयात नेऊन आली, पण पोरीनं मान हलवली. आता पोरगी कोरडी होती आणि अशीच कोरडी वरकुट्याला, सासरच्या गावी, पोचायला हवी होती. ज्योत्स्नाला आज दुसरं काही नको होतं.

मागच्या खेपेला वरकुट्यात घरातल्याच एका बाळाच्या नामकरणाला ती गेली असताना साक्षीचा डायपर भरून सतरंजीवर ओघळ गेला होता. कुणीतरी म्हणालं, नोकरीवाल्या बाईला कुठली आलीय सवड. सगळ्या बायका हसल्या. सासू, शालनबाई, त्याही हसल्या. हसणं दोन मिनिटांत संपलं, सतरंजीही धुऊन वाळत पडली, पण ज्योत्स्नाच्या मनातून ते गेलं नाही. परत आल्यावर तिनं डायपर बंद केले आणि पिवळं भांडं आणलं. न्हाणीत न्यायचं, बसवायचं, आणि दार लावायचं. आपली शू आपण दार लावून करायची, हे तिनं पोरीला पहिल्या दिवशीच शिकवलं. तीन आठवड्यांत साक्षी शिकली. स्वतःच भांड्याकडं पळायची आणि आतून ओरडायची, "मम्मी, दार!"

डायपर बंद झाल्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते जास्त मोठं होतं. मध्यंतरी साक्षीला लघवीला जळजळ होऊन ताप आला होता. आठवडाभर औषध चाललं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर पाजा आणि धरून ठेवायची सवय लागू देऊ नका. ज्योत्स्नाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतः रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांच्या हातात डबी देताना ती दिवसातून वीस वेळा तेच म्हणायची. पाणी पीत जा, मावशी. धरून ठेवू नका.

आणि आज सकाळी सासूचा फोन आला होता.

"पोरीला पानी लई पाजू नगंस. एस्टीत घोळ व्हईल. आबाचं कार्य हाय, चार मानसं येत्यात."

"हो, आई," ज्योत्स्ना म्हणाली होती. तिनं स्वतःही पहाटेपासून अर्धा कप चहावर भागवलं होतं. प्रवासाला निघायचं तर पाणी प्यायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. त्यात विचार करण्यासारखं काही असतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

आबा म्हणजे साहेबराव, नवऱ्याचे थोरले चुलते. मंगळवारी गेले. आज रविवारी त्यांचा जलदान विधी होता. बुद्धघोष, ज्योत्स्नाचा नवरा, मंगळवारीच मोटरसायकल काढून गावी गेला होता. लॅबमध्ये सुट्टी मिळेना म्हणून ती आज निघाली होती.

गाडी अंथुर्ण्यापर्यंत बरी चालली. गावाच्या पुढं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एका ट्रॉलीचं चाक निखळून ती आडवी झाली होती, आणि पुढचं मागचं सगळं खोळंबलं होतं. गाडी थांबली तशी साक्षी आईच्या मांडीवर ताठ झाली.

"मम्मी, शू."

"आली का? थोडं धर हं, सोन्या. आता येईल आजीचं गाव."

साक्षीनं फ्रॉकची कड दोन्ही मुठींत आवळली. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाली, "शू." या वेळी शेजारच्या सीटवरच्या माणसानं मान वळवून पाहिलं. कंडक्टर भला माणूस होता. तो दारातून आत वाकून म्हणाला,

"ताई, उतरवा की तिला. गाडी काय हलत न्हाय आता. मी हाय हितं."

ज्योत्स्ना उतरली. गाडीतले निम्मे पुरुष आधीच उतरून रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे होते. त्यांना रस्ता कुठंही पुरतो. उभ्या उसाच्या कडेला जरा आडोसा बघून तिनं साक्षीची चड्डी खाली केली आणि तिला उकिडवं बसवलं. साक्षीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ट्रॉलीवर बसलेला एक ड्रायव्हर मोबाईल बघत होता. गाडीच्या खिडक्यांतून तोंडं दिसत होती.

"दार कुठंय?" साक्षीनं विचारलं.

"इथं दार नसतं गं. कर पटकन."

"दार लाव."

"साक्षी, कुणी बघत नाहीये. कर."

साक्षी उभी राहिली आणि तिनं स्वतःच्या हातानं चड्डी वर ओढली. तेवढ्यात पुढं कुणीतरी ओरडलं, इंजिनं सुरू झाली, आणि ज्योत्स्ना पोरीला कडेवर घेऊन पळत गाडीत चढली. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात एक डायपर होता, अगदीच वेळ आली तर म्हणून घेतलेला. तिनं कप्प्याला हात लावला आणि हात मागं घेतला. आज डायपर लावून नेलं असतं तर तीन आठवडे पाण्यात गेले असते. शिवाय त्या बायकांसमोर पुन्हा तेच.

वरकुट्याच्या फाट्यावर बुद्धघोष मोटरसायकल घेऊन उभा होता.

"अहो, हिला लागलीय. मघापासून धरून आहे."

"घरी जाऊ की. दोन मिन्टांत पोचतोय."

घरासमोर मांडव घातला होता. मांडवात तीसचाळीस पुरुष सतरंज्यांवर बसले होते, टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि बाजूला साहेबरावांचा हार घातलेला फोटो होता. मांडवाच्या थेट समोर, रस्त्याच्या कडेला, घरचा संडास होता. सरकारी योजनेतून बांधलेला, निळ्या पत्र्याच्या दाराचा. जागा तेवढीच रिकामी होती म्हणून तो समोर बांधला गेला होता, आणि बांधताना घरातल्या एकाही बाईला विचारलं नव्हतं.

साक्षीनं तो आधी पाहिला. तिचा चेहरा उजळला.

"मम्मी, दार!"

"हो हो. थांब जरा," ज्योत्स्ना म्हणाली आणि मान खाली घालून तिला घेऊन मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली.

शालनबाई परातीत कोथिंबीर निवडत होत्या. ज्योत्स्नानं हळू आवाजात सांगितलं. त्यांनी सुनेकडं मान वर करून पाहिलं.

"आता? समदी म्होरं बसल्यात. एवढ्या बाप्यांतनं बादली घिऊन जाशील व्हय? आमी पहाटंच उरकलंय. आता सांजच्याला."

"मला नाही, आई. हिला."

"मग हिला परड्यात बसीव की. बारकं ल्येकरू हाय."

घरामागच्या परड्यात आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या. चार माणसं कांदा चिरत होती. साक्षीनं तिथंही दार शोधलं, आणि मग आईचा हात धरून तिला समोरच्या बाजूला ओढायला लागली. "तिकडं दार हाय," ती समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. बापाच्या गावात पाऊल ठेवताच तिची भाषा बदलायची.

ज्योत्स्ना उंबऱ्यापर्यंत आली. पंधरा पावलांचं अंतर होतं. त्याच वेळी एक पाहुणा उठला, त्यानं मांडवाच्या खांबाजवळची बादली उचलली, चालत गेला, दार लावलं, आणि थोड्या वेळानं हात झटकत परत येऊन बसला. कुणी बोलणं थांबवलं नाही. ज्योत्स्नानं बुद्धघोषकडं पाहून डोळ्यांनी खूण केली, संडासाकडं आणि पोरीकडं. तो विधी करायला आलेल्या बौद्धाचार्यांच्या शेजारी बसला होता. त्यानं तळहात हळूच खाली दाबला. थांब जरा.

ती स्वतः जाऊ शकली असती. तीन वर्षांच्या पोरीला घेऊन एक आई पंधरा पावलं चालली असती तर आभाळ कोसळलं नसतं. पण चाळीस तोंडं वर होणार, दार लागणार, आतून पाण्याचा आवाज येणार, आणि दार उघडून तिला पुन्हा त्यांच्याच समोरून यायचं होतं. तिला लाज वाटली. लॅबमध्ये परक्या बायकांना न लाजता डबी देणारी तीच ज्योत्स्ना उंबऱ्यावरून मागं फिरली आणि तिला स्वतःचा संताप आला.

"मम्मी, दार हाय ना तितं?"

"आत्ता नको, बाळा. सगळे बसलेत ना. सगळे उठले की जाऊ."

साक्षीनं मांडवाकडं पाहिलं. बसलेल्या सगळ्यांकडं तिनं एकेक करून पाहिलं आणि आईचा हात ओढायचं सोडून दिलं.

विधी सुरू झाला. त्रिशरण, पंचशील झालं. बायका मांडवाच्या कडेला दाटीवाटीनं बसल्या. साहेबरावांचा मुलगा सोमनाथ पुढं बसला. ताटात एक पेला ठेवला होता. त्यात सोमनाथनं तांब्यातून बारीक धार धरली. सगळा मांडव चिडीचूप झाला, गाथेच्या आवाजाखाली फक्त पाणी पडायचा आवाज ऐकू येत होता. पेला भरला, काठावरून वाहायला लागला, ताटात पाणी साचलं, तरी धार चालूच होती. ज्योत्स्नाच्या ओटीपोटात कळ आली आणि तिनं मांड्या आवळल्या. मांडीवर साक्षीचं अंगही तसंच आवळलेलं तिला कळलं. आता होणार, तिला वाटलं. आता हिच्यानं धरवणार नाही. तिनं डोळे मिटून वाट पाहिली.

मांडी कोरडीच राहिली.

जेवणं उरकेपर्यंत दोन वाजले. पुरुषांच्या पंगती उठल्या, बायकांची बसली. वाढताना शालनबाईंनी नातीच्या फ्रॉकखाली हात घालून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या,

"बघ. डायपर न्हाय, काय न्हाय. सकाळधरनं कोरडी हाय. एक डाव सुदिक कुरकुरली न्हाय."

"लई शानी पोर," शेजारीण म्हणाली. "आईनं वळण लावलंय चांगलं."

ज्योत्स्नाला बरं वाटलं. हे तिनं नंतर स्वतःपाशी कबूल केलं, की त्या क्षणाला तिला खरोखर बरं वाटलं होतं. तिनं साक्षीच्या कानाशी वाकून विचारलं, "शू?" साक्षीनं नाही म्हणून मान हलवली. पुढ्यातला पाण्याचा ग्लास तिनं हातानं दूर सारला. ज्योत्स्नानं तो पुन्हा तिच्याजवळ ठेवला नाही.

तीन वाजता ती तिघं मोटरसायकलवरून निघाली. साक्षी मध्ये बसून बापाच्या पाठीवर डोकं टेकून झोपली. निमगावला बुद्धघोषनं गाडी थांबवली, कडेला जाऊन आला आणि म्हणाला, "तुला जायचंय का?" समोर पानटपरी होती, चार माणसं उभी होती.

"नको. घरीच," ज्योत्स्ना म्हणाली.

बारामतीत खोलीचं कुलूप काढल्याबरोबर तिनं साक्षीला न्हाणीत नेलं. चड्डी काढली. कोरडी ठाक. पिवळं भांडं पुढं ओढून तिला बसवलं, दार लावलं आणि समोर उकिडवी बसली.

"कर आता. झालं सगळं. आपलं घर आलं."

साक्षी बसून राहिली. ओठांना पापुद्रे आले होते. एक मिनिट गेलं, तीन गेली. ज्योत्स्नानं तिच्या पोटावरून हात फिरवला. पोट टणक लागलं, आणि कपाळ कोमट. पोरीला काय होत होतं ते ज्योत्स्नाला नावासकट माहीत होतं. लॅबमध्ये लहान मुलांना लघवी होत नसली की ती नळ सोडायची. तिनं नळ सोडला. बादलीत धार पडायला लागली.

साक्षीनं धारेकडं पाहिलं आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले.

"कर ना गं," ज्योत्स्ना म्हणाली. "बघ, दार लावलंय मी."

साक्षीनं लावलेल्या दाराकडं पाहिलं. दारापलीकडं बुद्धघोष चप्पल काढत होता, एवढाच काय तो आवाज. ती पुढं झुकली आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली,

"मम्मी, सगळे उठले का?"