एकशे बाराव्या पानावरची सही

मी एक पट्टी बोलतेय. वीतभर लांब, काळी, म्हशीच्या शिंगाची. शाळेतली फटके मारायची पट्टी ती वेगळी. माझ्या अंगावर आकडे नाहीत. छापलेल्या कागदाची घडी दाबून पक्की करायची, एवढंच माझं काम. पण शिंगाची जात आहे. समोर कोणी आलं की मी आधी रोखून बघते. कोणी गोड बोललं तर दोनदा बघते.

एका कंगवे करणाऱ्यानं उरलेल्या तुकड्यातून मला कापलं, घासलं, तेल लावून चकचकीत केलं. "कंगव्याला आखूड पडला," असं तो बायकोला म्हणाला ते मी ऐकलंय. म्हणजे माझा जन्मच उरल्यासुरल्यातला. मला त्याची लाज नाही. केस विंचरून डोक्यात काही जात नाही. माझ्या अंगाखालून पुस्तकं गेलीत.

माझी मालकीण एका बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायला लागली. प्रत्येकीनं आपली पट्टी आपणच आणायची, हा तिथला नियम. तिनं मला निवडून घेतलं. स्वभाव असा, की मुकादमसुद्धा तिच्याशी दोन हात लांबून बोलायचा. म्हणून सगळ्या तिला ठिणगी म्हणत. शाळेची पायरी चढलेली नव्हती. अक्षरं ती घड्या घालता घालता शिकली. फर्मा म्हणजे एक मोठा कागद, त्यावर सोळा पानं. पण ती ओळीनं नसतात. पहिल्याच्या शेजारी सोळावं, निम्मी पानं डोकं खाली पाय वर. घडी पडली की मगच क्रम लागतो. त्यामुळं ठिणगीला सुलट्याच्या आधी उलटं वाचता आलं. आजही टेबलापलीकडच्या माणसाच्या हातातलं पत्र ती आरामात वाचते. सावध राहा.

तिच्या शेजारी मुंगी बसायची. लहानखुरी, झपझप हात चालणारी, चौथीपर्यंत शिकलेली. ठिणगी जोडाक्षराला अडली की मुंगी तोंडातल्या तोंडात सांगायची. दोघींचा डबा एक, हसणं एक. मला मात्र मुंगी तेव्हाही फारशी पटत नव्हती. स्वतःची पट्टी सापडली नाही की न विचारता मला उचलायची.

एकदा एक जाड कादंबरी बांधायला आली. ठिणगीला तिनं वेडच लावलं. छपाईत खराब झालेले फर्मे रद्दीच्या ढिगात जात. ठिणगी त्यातून एकेक काढून कपड्यांत लपवून घरी न्यायची. रद्दीसुद्धा बाहेर न्यायला बंदी होती. बाकी सगळी कादंबरी जमली, शेवटचा फर्मा तेवढा मिळेना.

"गोष्टीतली ती घर सोडते की नाही, एवढं कळलं की मी सुखानं मरेन," ठिणगी म्हणायची.

"मरू नकोस बाई, तुझ्या वाटच्या घड्या मला पडतील," मुंगी म्हणायची.

अशातच एका दुपारी मुंगी मॅनेजरच्या खोलीतून बाहेर आली. हसत. मी टेबलावर होते, ठिणगी समोर होती, दोघींनी पाहिलं. त्याच संध्याकाळी दारात झडती झाली, ती एकट्या ठिणगीची. पोटाशी लपवलेला कागद सापडला. नोकरी तिथल्या तिथं गेली. पायरीवर उभं राहून, सगळ्यांदेखत ती ओरडली, "मुंगे, पुन्हा मला तोंड दाखवलंस तर याद राख!" आणि मला मुठीत आवळून घरी आली.

पुढची चौतीस वर्षं मी पाकिटं फोडली, घट्ट बसलेली झाकणं उचकटली आणि बराच काळ शिवणाच्या डब्यात तळाशी पडून राहिले. ठिणगीनं दवाखान्याच्या चादरी धुतल्या, पोरं वाढवली, मिळेल ते वाचलं. साठी उलटल्यावर तिनं वह्या भरायला घेतल्या. त्यांचं पुस्तक झालं. घड्या घालणाऱ्या बायकांचं पुस्तक. ते लोकांनी वाचलं, आणि दुकानादुकानांत सह्यांचे कार्यक्रम सुरू झाले. नवं पुस्तक उघडं राहत नाही, मिटतं. म्हणून पान दाबायला ती मला सोबत नेऊ लागली.

सही मागायला येणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. एक गृहस्थ रांगेत सांगत होते, "हिला अक्षरओळख मीच करून दिली." ठिणगीनं मान वर न करता विचारलं, "कुठलं अक्षर? सांगा, तेवढं तुमच्या नावावर लिहिते." गृहस्थ पाणी प्यायला गेले ते गेलेच.

मग कारखान्यातल्या जुन्या बायका यायला लागल्या. "ओळखलंस का?" म्हणत समोर उभं राहायचं आणि नाव सांगायचं नाही, म्हणजे परीक्षाच! मला वाटायचं, या मैत्रीसाठी आलेल्या नाहीत, आपल्याबद्दल काय छापलंय ते बघायला आल्यात. खळ लावणारीनं तर सरळ विचारलं, "मी कितव्या पानावर?"

"साठ."

"बरं लिहिलंयस की तुझ्या सवयीनं?"

"वाच, आणि शिव्या घालायला ये."

ती पुढच्या कार्यक्रमाला खरंच आली. शिव्याही घातल्या, डबाही आणला. दोघी दोन तास बोलत बसल्या. ठिणगीचा तसला मोकळा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तरी बोलता बोलता तिची नजर दाराकडं जायची. कोणाची वाट बघतेय ते मला कळत होतं, आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. कारण एकशे बाराव्या पानावर तिनंच लिहिलं होतं: ‘माझी चुगली माझ्या शेजारणीनं केली. मॅनेजरच्या खोलीतून ती हसत बाहेर आली.’

तिसऱ्या कार्यक्रमाला मुंगी आली.

रांगेत सगळ्यात शेवटी. केस पांढरे, पण बोटं तीच, ती मी लगेच ओळखली. परीक्षा नाही, हसणं नाही. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं, थेट एकशे बारावं पान काढलं, मला उचललं (न विचारता!) आणि पान दाबून धरलं.

"इथं कर सही."

"सही पहिल्या पानावर करतात," ठिणगी म्हणाली.

"ती इतरांची. लिहिलंयस ते खरं असेल, तर त्याच्या खाली घाल तुझं नाव."

दुकानदार लगबगीनं पुढं आला. "मावशी, काही अडचण?"

"अडचण चौतीस वर्षांची आहे. तू बस," मुंगी म्हणाली.

ठिणगीनं पेन कागदाला टेकवलं. कर ना, मी मनात म्हटलं. आपण दोघींनी पाहिलंय. पण पेन हलेना. मग तिनं इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"काय सांगितलं होतंस तू त्याला?"

"शेवटचा फर्मा मागितला. म्हटलं, साहेब, एखादा खराब निघाला असेल तर द्या, ठिणगीची गोष्ट शेवटाला अडलीय. तो म्हणाला, संध्याकाळी बघतो. मी खूश! मला काय माहीत तो काय बघणार होता?"

"म्हणजे बाकीचे माझ्याकडं आहेत, हे..."

"माझ्याच तोंडून गेलं. अक्कल नव्हती मला. पण चुगली नव्हती ती."

"मग तेव्हाच का नाही बोललीस, मेले?"

"तोंड दाखवू नको म्हणालीस. नाही दाखवलं. तुझं ऐकायची सवयच होती मला."

ठिणगीनं ती ओळ पुन्हा वाचली. मीही. हसू मी पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. पण मी टेबलावर होते, खोलीत नव्हते. एवढ्याशा हसण्यावर मी एका बाईला जन्मभर चुगलखोर ठरवलं, आणि माझ्या मालकिणीनं ते छापलं.

तिनं ती ओळ खोडली. एकदा नाही, दोनदा. शेजारी सही केली, तारीख घातली. मुंगी पुस्तक ओढायला लागली, तर ठिणगी म्हणाली, "थांब. दुकानातली सगळी काढ."

दुकानदार घाबरला. "मावशी, विकायचीत ती! खोडलेलं पुस्तक कोण घेईल?"

"चुकीचं घेत होते ना? मग खोडलेलं घेतील."

चाळीस पुस्तकं होती. मुंगी पान काढायची, मला त्यावर दाबायची. ठिणगी खोडायची आणि सही करायची. पाच-सहा पुस्तकांनंतर मुंगी म्हणाली, "सोळा साते एकशे बारा, सातव्या फर्म्याचं शेवटचं पान की गं हे!" मग तिची बोटं न बघताच तिथं पोचू लागली. तिसाव्या पुस्तकाच्या सुमाराला दोघी पोरींसारख्या खिदळत होत्या.

"पुढच्या आवृत्तीत काय लिहिशील?"

"मुंगी मूर्ख होती."

"आणि ठिणगी?"

"त्याला वेगळं पुस्तक लागेल."

आता दोघी मिळून कार्यक्रमांना जातात. ठिणगी वस्तू विसरते म्हणून मी मुंगीच्या पिशवीत असते. मला ही व्यवस्था अजून पटलेली नाही, आणि मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे. पण आतापर्यंत काही वावगं सापडलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. माझं टोक झिजलंय, एका कडेचा टवका उडालाय. पान दाबण्याइतका जीव आहे.

काळजी आहे ती आधीच विकल्या गेलेल्या पुस्तकांची. ती कुणाकुणाच्या कपाटात, उशाशी, हातात असतील. तुमच्याकडं असलं तर एकशे बारावं पान उघडून बघा. ओळ खोडलेली नसेल तर पुस्तक घेऊन या, रांगेत उभे राहा. दोघीजणी बसलेल्या असतील, काम पाच मिनिटांचं आहे.

तोवर त्या ओळीवर विश्वास ठेवू नका. मी तिथं होते, मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी सांगतेय.