घंगाळात उतरलेला सम्राट

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. छपरांवर माणसं, माणसांच्या खांद्यांवर पोरं. साम्राज्यानं शहर घेतल्याला वर्ष झालं होतं आणि आज राजमांत्रिक शहराची देवीही घेणार होता.

"सात ड्रॅगन राख केले मी! आठवा माझं नाव ऐकूनच मेला!" तो गरजला. त्याच्या चमचमत्या झग्यावरून लोक त्याला झगमगनाथ म्हणत, अर्थात पाठीमागे. अट त्यानंच घातली होती. एक दिवा सम्राटाचा, एक देवीचा. ज्याचा तीनदा विझेल त्याच्या पुजाऱ्यानं आजच गाशा गुंडाळून वेशीबाहेर व्हायचं.

सम्राटाचा दिवा उंच चौरंगावर तेवत होता. देवीचा त्यानं फुलांनी सजवलेल्या खोल पितळी घंगाळात साखळीनं अलगद सोडला. "बघा, देवीला केवढा मान देतो!" दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. देवीची म्हातारी पुजारीण मुकाट्यानं बोचकं बांधायला बसली.

तिची धाकटी बहीण पुढच्याच रांगेत होती. द्राक्षांची दारू करणं हा तिचा धंदा. या थंडीत ताई उघड्यावर आठवडाही काढणार नाही, या विचारानं तिला काही सुचत नव्हतं. पण नाक शाबूत होतं. फुलांआडून सिरक्याचा आंबट वास येत होता. शिवाय न फडफडता गुपचूप मान टाकणारा दिवा तिच्या ओळखीचा होता. द्राक्षं आंबत असली की हौदात उतरण्याआधी ती असाच दिवा सोडून बघायची. तो विझला, तर आत माणूसही गुदमरणार.

"अगं बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. "सुभेदारसाहेब, घंगाळाचा मान देवीला आणि सम्राट उघड्या चौरंगावर? हा राजद्रोह नाही का हो?"

मानाच्या खुर्चीत बसलेला साम्राज्याचा सुभेदार दचकला. हे राजधानीला कळलं असतं, तर आधी त्याचंच डोकं उडालं असतं. "दिवे बदला!"

"नको नको! सम्राटांना साधेपणा आवडतो..." झगमगनाथ चाचरला.

"बदला म्हणतो ना!"

सम्राट घंगाळात उतरला आणि विझला. तीनदा उतरवला, तीनदा विझला.

"देवी जिंकली!" चौक दणाणला. ताईनं रडत हात जोडले. इथंच थांबली असती, तर दारूवालीची मिरवणूक निघाली असती. पण तिचं डोकं फिरलं.

"जिंकली डोंबल!" तिनं फुलं बाजूला सारली. खाली सिरक्यात खडूचे तुकडे बुडबुडत होते. "यातून जड वायू निघतो, भांड्यात साचतो आणि ज्योतीला गुदमरवतो. दिवा कुणाचा, ते त्याला काय कळतंय?" तिनं देवीचा दिवा खाली सोडला. तोही विझला. लोकांचे चेहरे पडले. सम्राटाला भरचौकात विझवल्याबद्दल सुभेदारानं झगमगनाथाला झग्यासकट वेशीबाहेर काढलं.

ताई मात्र चिडली. "आजच्या दिवस जिंकू द्यायचं होतंस गं देवीला. तुझं काय जात होतं?"

"तू जात होतीस, ताई. दोनदा दिवा विझला आणि तू आपणहून बोचकं बांधायला घेतलंस. उद्या दुसरा कुणी दुसरं भांडं आणेल. हात जोडायच्या आधी आत डोकावून बघशील की नाही?"

पदर खोचून ताई घंगाळावर वाकली, आत बोट बुडवलं आणि चाटून बघितलं.

"सिरकाच आहे मेला," ती म्हणाली.