चौदा फेरे

गावाला पाणी सोडायच्या झडपा सहा. वरच्या आळीची अकरा फेऱ्यांत उघडायची, बाजाराची बारा, शाळेची नऊ, ओढ्याकडच्या दोन मिळून तेवीस आणि कारकुनाच्या गल्लीची चौदा. एकूण एकोणसत्तर फेरे उघडायला, तेवढेच बंद करायला. लोखंडी किल्ली कमरेइतकी उंच आणि बैलासारखी अडेल. पाणीवाला फेरे मोठ्याने मोजायचा म्हणून अख्खा गाव त्याला फेरेभाऊ म्हणायचा. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं.

चौदावाली झडप सगळ्यांत कडक. तरी तिला पूर्वी दोन मिनिटं पुरायची. दोन महिन्यांपूर्वी तिथेच किल्ली निसटली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट चेचलं. ते जोडलं गेलं, पण वाकायचं विसरलं.

गुरुवारी फेरेभाऊ पाणीसमितीच्या कचेरीत आला तो तिसऱ्या वेळी. पगारात सहाशेची वाढ मंजूर होऊन सव्वा वर्ष उलटलं होतं. वाढ हातात पडायला लागली अकरा महिन्यांनी, आणि त्या अकरा महिन्यांचे सहा हजार सहाशे वाऱ्यावरच राहिले.

"तात्या, माझ्या मागच्या पैशांचं घोडं कुठे पेंड खातंय?" त्याने दारातूनच विचारलं.

कारकुनाने मान वर केली नाही. "घोडं तुझ्याच घरी बांधलंय की. पैसे घेऊन गेलास तू."

"मी?"

"नाही, माझा आजा!" तात्यांनी एक पावती काढून त्याच्यापुढे सरकवली. "ही बघ. सहा हजार सहाशे, तारीख सतरा, खाली तुझी सही. ओळखतोस का स्वतःचं शेपूट?"

सही त्याचीच होती. शेवटच्या अक्षराला तो लांब शेपटी काढायचा, तीही होती. दर वर्षाच्या सुरुवातीला तात्या डझनभर कोऱ्या पावत्यांवर त्याच्या सह्या घेऊन ठेवायचे. 'तू दिवसभर पाइपामागे हिंडणार, सहीसाठी गाव कोरडं ठेवायचं का?' असं म्हणायचे. त्यालाही ते सोयीचं वाटायचं.

"ही कोऱ्यावर घेतलेली सही आहे, तात्या."

"मग पुरावा आण. सही केलीस, पैसे घेतलेस. शहाण्याला शब्दाचा मार."

कोपऱ्यात केर काढणाऱ्या मावशीचा झाडू थांबला. तात्यांनी तिकडे पाहताच तो पुन्हा चालू झाला.

फेरेभाऊ बाहेर पडला, पण पाय घराकडे वळेनात. तो टाकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. घरी बायको उंबऱ्यात उभीच होती. बोट चेचल्यावर औषधपाण्यासाठी तिचं शिवणयंत्र शिंप्याकडे चार हजारांवर गहाण टाकलं होतं. शनिवारी पैसे पोचले नाहीत तर तो ते विकणार होता. आज गुरुवार.

"काय झालं?"

"म्हणतो, पैसे घेतलेत मी."

"अगं बाई! मग खाल्ले कुठे? माझ्या हाती तर वाटाणासुद्धा आला नाही."

"सही आहे माझी. पुरावा आण म्हणतो."

"किती वेळा सांगितलं, कोऱ्या कागदावर सही ठोकू नका! पण नाही, तात्या म्हणतील ती पूर्व." ती आत गेली, पुन्हा बाहेर आली. "आता माझं ऐका. किल्ली कुणाच्या हातात आहे? उद्या त्याच्या गल्लीला चार-पाच फेरे कमी सोडा. बादलीत थेंब थेंब पडायला लागलं की पुरावा आपणहून चालत येईल."

तो रात्रभर कूस बदलत राहिला.

सकाळी चौदावाल्या झडपेवर त्याने मोजायला सुरुवात केली आणि नवावर किल्ली काढून घेतली. पंधरा पावलं गेला. गल्लीत घरं एकतीस. त्यांतलं तात्यांचं एक. पहिल्याच घरातल्या म्हातारीचा नळ फुसफुसला.

"फेरेभाऊ, आज पाणी रुसलं का रे?"

"नाही आजी, थांबा."

तो मागे वळला. दहा, अकरा. बाराव्या फेऱ्याला ताठ बोट दांड्यावर आपटलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो बोट तोंडात धरून तसाच उभा राहिला. मग बोटाकडे पाहिलं. पावतीच्याच महिन्यात, नऊ तारखेला चेचलं होतं. प्लास्टर होतं चोवीस दिवस. डाव्या हाताने तो किल्ली धरायचा, आणि मेहुणा ती फिरवायचा. उरलेले दोन फेरे त्याने कसेबसे पुरे केले आणि किल्ली खांद्यावर टाकून तो धावतच सुटला.

कचेरीत समितीच्या अध्यक्षबाई टपाल बघत होत्या. तात्या शेजारी उभे.

"बाई, एक काम आहे. माझी सतरा तारखेची हजेरी बघायची आहे."

"मधेच हे काय?" तात्या म्हणाले. "उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस?"

"हातच दाखवायचा आहे, तात्या."

मावशीने कपाटातून हजेरीपट काढून टेबलावर ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी पानं उलटली. दहा तारखेपासून पुढे फेरेभाऊच्या ओळीत सही नव्हती. डाव्या अंगठ्याचे निळे ठसे होते, मुंग्या चालल्यासारखे, रोज एक. सतरालाही ठसाच.

"पावती आणा."

तात्यांनी हळूच आणली. बाईंनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली.

"सकाळी अंगठा, आणि त्याच दिवशी ही शेपटीवाली सही? हात कुणाचा उसना घेतला होता?"

"तारीख लिहिताना चुकली असेल, बाई. माणूसच आहे."

"बरं. मग खरी तारीख सांगा. त्या दिवशी रोकडवहीत पैसे निघालेले दाखवा."

तात्यांनी रोकडवही उघडली. एक पान उलटलं, दोन उलटली, घाम पुसला, पुन्हा पहिल्यावर आले.

"दाखवा की."

"बाई, मी... संध्याकाळपर्यंत आणून देतो."

"कुठून?" मावशीने कोपऱ्यातून विचारलं.

तात्यांनी रोकडवही मिटली.

दिवस मावळायच्या आधी पैसे टेबलावर आले. फेरेभाऊने ते दोनदा मोजले. नव्या पावतीवर तारीख स्वतः लिहिली, मग सही केली. बोट वाकत नसल्याने शेपटी निघाली नाही. उरलेल्या कोऱ्या पावत्या त्याने मागून घेतल्या आणि बाईंसमोर एकेक फाडल्या. सात निघाल्या. तात्या खिडकीबाहेर बघत होते.

शनिवारी यंत्र घरी आलं. बायकोने चाक फिरवून पाहिलं, तेल मागितलं आणि म्हणाली, "त्याच्या गल्लीचं काय केलंत मग?"

"काय करायचं?"

रविवारी पहाटे तो त्या झडपेवर उभा राहिला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, किल्ली बसवली आणि ताठ बोट वर ठेवून मोठ्याने मोजायला लागला.

चौदा फेरे. तीन मिनिटं, दहा सेकंद.