माझ्या पोटातली काजळी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. चार दारं, चार सिलिंडर, रंग लिंबाच्या सालीचा. जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका. मला मोडलं गेलं, आणि कोणी मोडलं ते मी नाव घेऊन सांगणार आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सिलिंडरांत तोंड पाहावं इतकी चकाकी होती. सर्बियाच्या डोंगरातल्या ओब्राड नावाच्या शेतकऱ्यानं मला घेतलं. पहिल्या दिवशी गावातल्या पुरुषांनी बॉनेट उघडलं, माझ्यावर राकिया नावाच्या घरच्या दारूचे चार थेंब शिंपडले आणि उरलेली आपल्या घशाखाली घातली. ओब्राडची बायको स्तामेना कुंपणापाशी उभी होती. तिलाही आत डोकावायचं होतं, पण पुढे ये असं तिला कोणी म्हटलं नाही. मला तेव्हाच राग यायला हवा होता. पण मी नवी होते, कौतुकात होते.

मला पळायचं होतं. गाडी चांगली तापून पळाली, की पोटातला कचरा बराचसा आतच जळून जातो. तुम्ही खेळून घामाघूम झालात की कशी कडकडून भूक लागते, तसंच ते. ओब्राडनं मला कधी घामच येऊ दिला नाही. पेट्रोल वाचवायचं हे त्याचं व्रत. रविवारी चर्च, दीड किलोमीटर. शनिवारी बाजार, तीन किलोमीटर. निघाल्या निघाल्या चौथा गियर टाकायचा, मग मी बसते कण्हत. आणि उतार लागला की साहेब इंजिनच बंद करणार. न्यूट्रलमध्ये घरंगळत खाली यायचं आणि तळाला पोचलं की क्लच सोडून, हिसका देऊन मला उठवायचं. झोपलेल्या माणसाला कोणी केस ओढून उठवतं का? पण त्याला ते मोठं कसब वाटायचं. खानावळीत सांगत सुटायचा, "माझी गाडी नुसत्या वासावर चालते." बाकीचे माना डोलवायचे. हिच्या पोटात एकदा पाहू या, असं एकालाही सुचलं नाही.

पोटात काय चाललं होतं ते ऐका. अर्धवट जळलेलं पेट्रोल, त्यात तेलाचा अंश, सगळं पिस्टनच्या डोक्यावर आणि झडपांच्या मानेवर बसत गेलं. आधी धुरासारखं, मग डांबरासारखं, मग दगडासारखं. एकवीस वर्षं. चढावर मी ठणठण वाजू लागले, तर ओब्राड म्हणाला, पेट्रोलच भेसळीचं. पुढे पुढे किल्ली काढली तरी मी थांबेना. काजळीचे निखारे आत लाल राहायचे आणि पेट्रोल त्यांच्यावरच पेटायचं. एका रविवारी साहेब टोपी काढून चर्चच्या दारात उभे, आणि मागे मी एकटीच खोकते आहे, हादरते आहे. धर्मगुरू म्हणाले, आज गाडीसुद्धा प्रार्थना म्हणते आहे. सगळे हसले. ओब्राडनं माझ्या टायरला लाथ घातली. एकवीस वर्षं हळू सांगत होते, कोणी ऐकलं नाही. मग चारचौघांत बोलले, तर लाथ.

त्याच वर्षी स्तामेनाची नजर गेली. एक डोळा तिनं लहानपणीच गमावला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार, सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं. ती तारीख चुकली, की पुढे बर्फ, घाट बंद, आणि वसंतापर्यंत तिनं भिंती चाचपत घरात बसायचं. तिहोमीर नावाचा म्हातारा लॉरी-मिस्त्री शेजारी राहायचा. तो महिनाभर सांगत होता, की गाडी बघून घेऊ, नाहीतर सरळ डेअरीच्या दुधाच्या लॉरीतून जाऊ. ओब्राडला ते अपमानाचं वाटलं. घरात गाडी असताना माझी बायको दुधाच्या कॅनांत बसून जाणार का? बुधवारी त्यानं मला घाटाच्या पहिल्या वळणावर नेलं आणि मी तिथेच बसले. तेव्हा कुठे तिहोमीरला हाक गेली.

गुरुवारी उजाडताच तिहोमीर आला. त्यानं मला चांगली तापवली, एअर फिल्टर काढला, ओब्राडला रेस धरून ठेवायला सांगितली. मग बाटलीच्या झाकणाला भोक पाडून कार्बोरेटरच्या तोंडात पाणी सोडलं, शिवायच्या दोऱ्याइतकी बारीक धार. आत त्याची वाफ होते, आणि तापलेल्या काजळीला तडे जातात. मित्रांनो, माझ्या धुराच्या नळीतून काळा धूर निघाला, मग पांढरा, मग खवले उडाले. सगळी काजळी काही निघाली नाही, पण एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. माझा आवाज बदललेला स्तामेनाला लगेच कळला. तिनं विचारलं, काय ओतताय?

"पाणी," ओब्राड म्हणाला. "तू लांब हो. बायकांचं इथं काही काम नाही."

एवढंच. का, किती, कसं, एक अक्षर नाही. तिहोमीर हात धुवायला मागच्या नळावर गेला. हिला जरा चालू राहू दे, मग फिल्टर बसवतो, असं सांगून गेला. ओब्राड टाय बांधायला घरात गेला. माझं तोंड उघडं, आणि जवळ फक्त स्तामेना.

आमच्याकडे घरातून कोणी प्रवासाला निघालं, की मागे पाणी सांडतात, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ जाते. स्तामेनानं जन्मभर सगळ्यांच्या मागे सांडलं. आज निघायची पाळी तिची, मग तिच्या मागे कोण सांडणार? जानेवारीत चर्चमधून आणलेल्या तीर्थाची बाटली तिनं आतून आणली. दुखणाऱ्या माणसाला देतात, गाईला देतात. पुरुषांनी पाणी दिलं तर गाडीला बरं वाटलं, हे तर तिनं आत्ताच ऐकलं होतं. तिनं क्रूसाची खूण केली, बोटांनी माझं तोंड चाचपलं आणि अर्धा लिटर एकदम ओतलं.

मी गुदमरले आणि बंद पडले. पण लक्षात ठेवा, मी मोडले नव्हते. प्लग काढून मला दोन फेरे फिरवलं असतं तर पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं असतं. तिहोमीर ओल्या हातांनी धावत येत ओरडत होता, हात लावू नकोस, आधी प्लग काढू दे म्हणून. ओब्राडला ऐकायची सवय कुठे होती? हिनं सगळा सत्यानाश केला, असं बडबडत तो आत बसला, ब्रेक काढला, अंगणाच्या उतारावरून मला सोडलं आणि आपलं ते कसब दाखवलं. क्लच सोडला. धूर दाबला जातो, वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यानं जागा दिली नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकला. हाड मोडावं तसा आवाज झाला.

स्तामेना हातात रिकामी बाटली घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "तिहोमीर, तीर्थ खराब झालं होतं का?"

"नाही गं वहिनी. थेंब थेंब द्यायचं असतं. तुला कोणी सांगितलंच नाही."

मग दुधाची लॉरी किती वाजता वळणावर येते ते तिनं विचारलं, रुमाल बांधला आणि तिहोमीरचा हात धरून निघाली. ओब्राड मागोमाग निघाला, तर न वळता म्हणाली, "तू गाडीपाशी थांब. ती तुझी आहे." कॅनांमध्ये बसून ती दहाला पाच मिनिटं असताना पोचली. ओब्राड दुपारपर्यंत टाय घालून माझ्या बॉनेटवर बसून राहिला.

आठवड्यानं ती परतली तेव्हा तिहोमीरनं माझं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून ठेवलं होतं. मला आतून पाहायला कुंपणाजवळून पुढे येऊन ती वाकली आणि तिनं नव्या नजरेनं नीट पाहिलं, कोपरान् कोपरा. मग चीज कापायची सुरी आणून झडपा खरवडायला बसली. काजळीनं सूप प्यायची एक बशी भरली. दुपारी ओब्राड जेवायला बसला तेव्हा सुपाच्या जागी तिनं ती बशी ठेवली.

"एकवीस वर्षांची तुझी बचत. जेव."

तो जेवला नाही. बशी उचलून बाहेर आला, माझ्याजवळ बसला आणि उरलेली काजळी संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हातानं खरवडत राहिला. माझा राग तेवढ्यानं गेलेला नाही. माझा दांडा अजून वाकडाच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिला जपता जपता कुजवू नका. आठवड्यातून एकदा तिला लांब पळवा, तापू द्या. ती ठणठणली तर पेट्रोलला शिव्या देण्याआधी तिच्या पोटात पाहा. आणि तुम्ही तिच्यावर वाकून काही करत असताना शेजारच्या कोणी विचारलं, काय करताय, तर हातातलं काम थांबवा आणि सगळं सांगा, अगदी किती थेंब घालायचे इथपर्यंत.