निशाणी स्टूल

मित्रांनो, मोठ्या रस्त्याकडेच्या सुताराच्या दुकानात कधी शिरलात आणि फळ्यांच्या मागे एक जुनं स्टूल उलटं पडलेलं दिसलं, तर ते मी. मला असं उलटं ठेवलंय याबद्दल माझी काही तक्रार नाही. चार पाय वर करून पडलं की कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. एके काळी माझं चित्र या भागातल्या भिंतीभिंतीवर होतं. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र ते आठवलं की चोरट्यासारखं होतं.

माझा जन्म याच दुकानातला. दुकानाच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. त्यांचे धाकटे भाऊ रस्त्यापलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. माणूस हुशार, आवाज खणखणीत, फक्त उंचीच्या बाबतीत देवानं हात आखडता घेतलेला. एकदा दादा त्यांचा विसरलेला डबा द्यायला वर्गात गेले, तर सर टाचा उंचावून फळ्यावर लिहितायत आणि मागच्या बाकावरून पोरं ओरडतायत, ‘‘सर, वर लिहा, खालचं दिसत नाही.’’ दादा डबा ठेवून निघाले. दुकानात परत आले आणि उरल्यासुरल्या सागवानातून त्यांनी मला उभं केलं. चौथ्या पायाला सागवान पुरलं नाही, म्हणून तो साध्या लाकडाचा आहे. पण सांगतो, आजवर मी कधी डुगडुगलो नाही.

वर्गातले दिवस फार सुखाचे होते. सर माझ्यावर चढायचे, फळ्याच्या पार वरच्या टोकापासून लिहायचे, खाली उतरायचे, मला सरकवायचे आणि पुन्हा चढायचे. मुलं त्यांना स्टूलसर म्हणू लागली. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते फळ्याकडे तोंड करून हसले होते. मी पाहिलं ना.

शाळा आणि वस्ती यांच्या मधून मोठा रस्ता जायचा. त्यावरून दिवसभर ट्रक धावत. शाळा भरताना आणि सुटताना दादा हातातला रंधा खाली ठेवून लाल रंगाची फळी घेत आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहत. ट्रक थांबले की मुलं पळत ओलांडत. एकदा एका ट्रकला वेळेवर थांबता आलं नाही. एका मुलीच्या दप्तराचा चेंदामेंदा झाला. दप्तर त्या वेळी तिच्या पाठीवर नव्हतं, हातातून निसटून खाली पडलं होतं, म्हणून पोर वाचली. पादचारी पुलासाठी सरांनी किती अर्ज केले होते. त्या दिवशी मात्र ते दादांना म्हणाले, ‘‘अर्ज करून भागत नाही. अर्ज जिथं पोचतात, तिथंच जाऊन बसायला हवं.’’

असे सर विधानसभेच्या निवडणुकीला उभे राहिले. पाठीशी पक्ष नाही, अपक्ष. निशाणी निवडायला त्यांना चित्रांचा कागद दाखवला, त्यात कपबशी होती, शिट्टी होती आणि एक स्टूलही होतं. सरांनी दुसऱ्या चित्राकडे पाहिलंही नाही. मित्रांनो, माझी छाती तेव्हा किती फुगली असेल, विचार करा. लाकडाला छाती नसते हे मला माहीत आहे.

सर मला स्वतः खांद्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरले. कोपरा आला की मला टेकवायचे आणि चढून बोलायचे, तेही थोडकंच. मग खाली उतरून म्हणायचे, ‘‘आता तुम्ही चढा. मी खालून ऐकतो.’’ त्यांची पद्धतच होती तशी. माझ्यावर जो चढेल त्याला कुणी मध्ये तोडायचं नाही. सगळ्यांत आधी चढल्या पेन्सिलवाल्या आजी. त्या शाळेच्या फाटकाशी पेन्सिली, खोडरबर आणि गोळ्या विकायला बसत. त्यांना वाचता येत नव्हतं. चढताना त्या घाबरल्या, तर सरांनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. आजी म्हणाल्या, ‘‘मला काही लांबण लावता येत नाही. पोरांसाठी तेवढा पूल करा. बास.’’ आणि उतरल्या. दादांनी दुसऱ्या दिवशी पत्रकं छापून आणली. वर सरांचं नाव आणि माझं चित्र, खाली एकच ओळ, ‘शाळेसमोर पूल झालाच पाहिजे. निशाणी स्टूल.’

सर निवडून आले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि कुणीतरी मलाही घेतलं.

नंतर सर आमदार कार्यालयात बसू लागले आणि मीही त्यांच्याबरोबर गेलो. आता त्यांना सगळे साहेब म्हणत. सुरुवातीला ते आल्यागेल्याला मला कौतुकानं दाखवायचे. मग माझ्यावर फाइली आल्या. मग फाइली कपाटात गेल्या आणि माझ्यावर पाण्याचे ग्लास आले. शेवटी एक धुळकट कुंडी आली, ती कायमची. मी म्हटलं, असू दे, मोठी कामं चालली आहेत. मधल्या काळात सरांनी मोठ्या पक्षात प्रवेश केला. ‘‘पक्षात असलं की कामं होतात,’’ असं ते प्रत्येकाला सांगत, कुणी विचारलेलं नसलं तरी.

काम झालंही. पूल मंजूर झाला आणि बांधूनही झाला. दादा कार्यालयात आले त्या दिवशी मला ते कळलं. बाहेरच्या बाकावर ताटकळत बसवून मग त्यांना आत घेतलं होतं.

‘‘पुलाचं काय झालं?’’ दादांनी विचारलं.

‘‘झाला की, दादा. उद्घाटनाला तुला बोलावलं होतं.’’

‘‘तो नव्या बाजारासमोर झाला.’’

सरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. ‘‘पक्षाच्या लोकांचा आग्रह होता. तिथंही माणसंच चढतात ना.’’

‘‘चढतात. पण शाळा तिथं नाही.’’

‘‘पुढच्या वेळी बघू. आधी निवडून तर येऊ दे.’’

दादा उठले. जाताना त्यांनी माझ्यावरच्या कुंडीकडे एकदा पाहिलं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

पुढची निवडणूक लागली. सरांना आता पक्षाची निशाणी होती, शिडी. माझ्यापेक्षा उंच, हे मला मान्य आहे. आणि अर्ज मागे घेण्याची मुदत संपली त्या संध्याकाळी प्रचारप्रमुख धावतच कार्यालयात आले. ‘‘साहेब, तुमचे मोठे बंधू अपक्ष उभे आहेत. आणि निशाणी कोणती घेतलीय, माहीत आहे का?’’ मग त्यांची नजर माझ्यावर पडली. ‘‘हे आधी इथून हलवा. पत्रकारांनी फोटो काढला तर आपणच त्यांचा प्रचार केला असं होईल.’’ मला वाटलं होतं, सर नाही म्हणतील. ते खिडकीबाहेर बघत राहिले. ड्रायव्हरनं कुंडी जमिनीवर ठेवली, मला गाडीत टाकलं आणि दादांच्या दुकानाच्या दारात उतरवून तो निघून गेला.

दादांनी मला फडक्यानं पुसलं. भाषण करणं हा काही त्यांचा पिंड नव्हता. हातात पैसाही नव्हता. त्यांनी जुनंच पत्रक पुन्हा छापून आणलं, नाव तेवढं बदललं. आडनाव अर्थातच तेच. वर माझं चित्र आणि खाली तीच ओळ. तिकडे सरांचा प्रचार मोटारींच्या ताफ्यातून चालला होता. काचा वर, भोंगा चालू, आणि गाड्या एवढ्या वेगात की कोपऱ्यावरच्या माणसाला अर्धं वाक्यच ऐकू येई. सर कुठल्याच कोपऱ्यावर उतरले नाहीत. आपली निशाणी बदलली हे त्यांनी कुणाला समोर उभं राहून सांगितलंच नाही.

लोक दुकानावरून जाताना दादांना म्हणायचे, ‘‘सरांना सांगा, आमचं मत पक्कं. स्टूललाच.’’ दादा आधी समजावून सांगायचे, ‘‘अहो, मी वेगळा, तो वेगळा. त्याची शिडी आहे.’’ लोक हसायचे. ‘‘घरातल्या घरात कसलं वेगळं, दादा?’’ तेच तेच सांगून दादा थकले. एक दिवस पेन्सिलवाल्या आजी येऊन तेच म्हणाल्या आणि दादांनी नुसती मान हलवली. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही समजावलं नाही. मी तिथंच होतो. मला बोलता येत नाही, याचं त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं कधीच वाटलं नाही.

सर पडले. जितक्या मतांनी पडले त्याहून बरीच जास्त मतं माझ्या चित्राला होती. निवडून आला तिसराच, ज्यानं या शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुकानात आले. एकटेच. दादांनी हाताला लागलं ते पुढे केलं, म्हणजे मलाच. सर माझ्यावर बसले. माझ्यावर ते कधी बसलेच नव्हते, नेहमी उभे राहत.

‘‘तू माझ्याविरुद्ध का उभा राहिलास, दादा?’’

‘‘पूल मागायला.’’

‘‘आणि मिळालं काय? मला पाडलंस. आता हा नवा माणूस पूल देणार आहे?’’

दादांनी रंध्याचं पातं पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, ‘‘ती मतं माझी नव्हती. तुझी होती. लोकांनी तुलाच दिली. मला कळत होतं, आणि मी गप्प बसलो.’’

सरांना रागवायचं असावं, पण जमलं नाही. त्यांनी तोंड दोन्ही हातांत धरलं. तेवढ्यात दारात पेन्सिलवाल्या आजी. हातात बिस्किटांचा पुडा आणि चेहरा आनंदानं फुललेला.

‘‘रात्री केवढे फटाके वाजले, सर. म्हटलं, आपले सर आले निवडून. मी स्टूललाच दिलं हो, अगदी नीट बघून दिलं. सुनेला नेलं, शेजारच्या बायकांना नेलं. सगळ्यांना सांगितलं, शिडीबिडीकडे बघू नका, सरांचं स्टूल आहे.’’ त्यांनी पुडा सरांच्या हातात दिला. ‘‘आता या खेपेला पूल होईल ना?’’

सरांनी दादांकडे पाहिलं. दादांनी जमिनीकडे पाहिलं. खरं सांगायला फार शब्द लागणार नव्हते. एका शब्दानंही भागलं असतं.

‘‘हो, आजी,’’ सर म्हणाले. ‘‘होईल.’’

आजी दोघांनाही तोंडभर आशीर्वाद देऊन गेल्या. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला घाम फुटत नाही, पण त्या वेळी माझ्या अंगावर बसलेल्या माणसाची लाज मला कळत होती. दादांचीही कळत होती. आणि माझीही काही कमी नव्हती, कारण आजींनी बोट ठेवलं होतं ते माझ्यावर.

सर हल्ली या रस्त्यानं येत नाहीत, मागच्या गल्लीनं जातात. आजी अजून फाटकाशी बसतात. पूल कधी सुरू होणार, असं त्या दादांना मधूनमधून विचारतात, आणि दादा सांगतात, कागद पुढे गेलेत. एका संध्याकाळी असंच सांगून झाल्यावर त्यांनी मला उचललं आणि इथं फळ्यांमागे उलटं ठेवलं.

आत्मवृत्ताच्या शेवटी चांगला बोध द्यावा लागतो. माझी जपणूक करा, हे सांगायला मला तोंड नाही. मोठेपणी कुणाला मत द्यायचं, हे सांगायची माझी लायकी नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. शाळा सुटली की धावत सुटू नका. दादांचं आता वय झालंय, ते हात दाखवतात तरी सगळे ट्रक थांबत नाहीत. आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे बघा, लहानांचा हात धरा आणि मगच ओलांडा. समोर पूल नाही.