वरच्या ओळीतली नोटीस

नगरपालिकेचा नोटीसबोर्ड मन लावून वाचणारं माणूस गावात एकच, कारकुनाची आत्या. रोज दहाच्या ठोक्याला ती चाकाच्या खुर्चीतून यायची आणि शब्दन् शब्द वाचायची. खुर्चीतून वरचं वाचता येत नाही, म्हणून कारकून गेली अकरा वर्षं प्रत्येक नोटीस खालच्या ओळीत लावत आला होता. काही खटकलं तरच ती सभेला जायची, पण गेली की अध्यक्षांना घाम फोडायची.

अध्यक्षांचं आणि सभासदांचं मानधन लोकांच्या करातून जायचं. ते वाढवायचं तर सात दिवस आधी बोर्डावर नोटीस हवी, असा नियम. अध्यक्षांनी कागद कारकुनाच्या हातात दिला आणि हसत म्हणाले, "वरच्या ओळीत लाव. नियमात उंची कुठे लिहिलीय?"

आमच्या कारकुनाला साहेबांपुढे 'नाही' म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. तो स्टूल घेऊन आला.

चौथ्या दिवशी आत्याने मान वर केली. "वर काय रे लावलंयस?"

"काही नाही गं, जुनंच आहे."

सभेत हरकत कोण घेणार? वाढ मिनिटभरात मंजूर झाली. आठवड्याने बातमी फुटली आणि लोक कचेरीत धडकले. कारकुनाने तारखेच्या शिक्क्याची नोटीस पुढे केली. कोपऱ्यावरचा शिंपी आत्याकडे वळला. "तुम्ही तर रोज वाचता. होती का हो ही?"

आत्याने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने चपलांकडे.

"असणारच. तो लावल्याशिवाय राहायचा नाही," ती म्हणाली. "मी त्याला विचारलंही होतं. त्याने सांगितलं असेल, माझ्याच डोक्यात राहिलं नाही. वय झालं, दुसरं काय."

'मी खोटं बोललो,' एवढंच कारकुनाने म्हणायचं होतं. तो नोटीस परत फाइलीत लावू लागला. "म्हातारी आता कामातून गेली," असं पुटपुटत शिंपी निघाला. ते तिलाही ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या आली नाही. कारकुनाने सगळ्या नोटिसा खाली आणल्या, चार दिवस दाराकडे बघून काढले. शेवटी सगळं कबूल करायचंच असं ठरवून तो तिच्या घरी गेला. चष्मा घडी करून खिडकीत ठेवलेला होता.

तो तोंड उघडणार तोच तिने त्याचा हात धरला.

"माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला रे. आता बोर्डावर काय लागलंय ते तूच सांगत जा. सांगशील ना?"

"हो," कारकून म्हणाला.